मास्तरांचा जायचा सदरा

सदरा म्हणून जन्माला आलो खरा, पण मला ना खिसा, ना बटण. समोरून बघाल तर सभ्य गृहस्थ, मागून सगळा उघडा. हसा खुशाल! मला शिवणाऱ्या मास्तरांना मात्र माझ्यात एकही खोट दिसली नव्हती.

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर लोकांचे मिरवायचे कपडे शिवले. त्यांची बायको गेली, तेव्हा अंत्यविधीच्या हॉलमध्ये तिला कपडे चढवताना त्यांनी पाहिलं. हात ताठ झालेले, बाही अरुंद. तिथल्या दोघांनी मिळून तिचा हात मागे ओढला, पिरगाळला. मास्तर ओरडले, "अरे, हळू! दुखेल तिला!" लोकांना वाटलं, म्हातारा दुःखाने खुळावला.

घरी आल्यावर त्यांनी मऊ सुती कापड काढलं आणि मला बेतलं. पाठ उघडी, म्हणजे समोरून नुसता पांघरायचा आणि कडा पाठीखाली सारायच्या. बाह्या ऐसपैस. बटणांऐवजी बांधायचे बंद. शिवताना माझ्याशी बोलायचे, "बाबा रे, तुझं काम एकच. माझा हात कुणी पिरगाळता कामा नये." मी मनापासून हो म्हटलं.

आता हे घरात सांगायचं होतं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

"सूनबाई, मी मेल्यावर..."

"बाबा! भरल्या घरात काय अभद्र बोलता?"

"शंभर वर्षं जगणार आहात तुम्ही," मुलगा म्हणायचा. "चहा घ्या."

सून वाईट नव्हती हो. सासऱ्यांची पथ्यं सांभाळायची, चष्मा हरवला तर शोधून द्यायची. पण मरणाचं नाव काढायची सोय नव्हती. बाहेर पडताना कुणी नुसतं "जातो" म्हटलं, तरी ती लगेच टोकायची, "जातो नाही, येतो म्हणा." शेवटी मास्तरांनी तडजोड केली. मला कपाटातून काढून तिच्यासमोर धरलं.

"पोरी, मला नेतील ना, तेव्हा हा घाल. जाताना हाच घालायचा. विसरू नकोस."

"नाही विसरत," ती म्हणाली. आणि खरंच विसरली नाही.

एका सकाळी मास्तर बाथरूममध्ये कोसळले. रुग्णवाहिका आली, घरात एकच धावपळ, आणि त्या धावपळीत सुनेला मी आठवलो. पाठ उघडी, मागे बांधायचे बंद. दवाखान्यात पेशंटला घालतात तसलाच तर दिसतो मी! "अहो, थांबा जरा. बाबांनी सांगून ठेवलंय, जाताना हा घालायचा." किती मायेने चढवलं मला तिने! मास्तरांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत राहिले.

"हो हो, बाबा, तोच घातलाय."

दवाखान्यात नर्सला घाई होती, आणि ती असायलाच हवी. छातीवर यंत्र लावायचं होतं. मी मागून उघडतो हे तिला कोण सांगणार? तिने गळ्याशी कात्री घातली आणि मला बाह्यांसकट उभं चिरलं. दुपारी मास्तर गेले. मला एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं.

ती पिशवी हातात धरूनच मुलगा अंत्यविधीच्या त्याच हॉलवर पोचला. हॉल आता पुष्कळ सुधारलाय. गार हवा, मंद संगीत, लांबच्या नातेवाइकांसाठी कॅमेरा. तिथल्या मॅनेजरबाई गोड आवाजात म्हणाल्या, "कपड्यांची काळजी करू नका सर. आमच्या पॅकेजमध्येच येतात. एकच साइज, सगळ्यांना बसतो."

सगळ्यांना बसतो! मास्तर असते तर हसून हसून बेजार झाले असते.

मी खुर्चीवर, पिशवीत. पडद्यामागून आवाज यायला लागले.

"बाही जात नाहीये."

"जरा जोर लाव."

"लावतोय की!"

मी तिथेच होतो हो, हाकेच्या अंतरावर, आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही.

कॅमेऱ्यात सगळं छान दिसलं. कुणीतरी लांबून लिहिलं, "किती शांत झोपलेत काका." मग विद्युतदाहिनीचं दार सरकलं आणि मास्तर आत गेले. मी मागे राहिलो.

पुढे केव्हातरी मुलाने पिशवी रिकामी केली आणि मला पलंगावर पसरलं. शिंप्याचाच मुलगा तो. खिसा नाही, हे पाहून थबकला. मला पालथं केलं, बंद चाचपले.

"अगं," तो म्हणाला, "दवाखान्यात जाताना नव्हे."

सुनेने तोंडावर हात ठेवला. "मग सरळ सांगायचं ना त्यांनी!"

"सांगू कुणी दिलं?"

ती खूप रडली. मला तिचा राग येत नाही. येऊन तरी काय करू?

मुलगा मला रफूच्या दुकानात घेऊन आला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानदाराने मला उलटंपालटं केलं. "काय सुरेख शिलाई आहे हो! जोडून देतो. पण बाह्या पार कामातून गेल्यात, मापाशिवाय जमायचं नाही. ज्यांचा आहे त्यांना एकदा घेऊन या."

मुलगा "बरं" म्हणाला आणि मला तिथेच ठेवून पायऱ्या उतरला. पुन्हा फिरकला नाही.

तेव्हापासून मी इथे खुंटीला आहे. मशीनचं तेल पुसायला माझं कापड बरं पडेल, असं दुकानदाराच्या मनात अधूनमधून येतं. पुसू दे बापडा. तुम्हाला मात्र एक सांगतो. घरातलं म्हातारं माणूस "मी मेल्यावर" म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. पुढचं वाक्य ऐकून घ्या. अर्थात, ऐकतंय कोण म्हणा!

दाराशी कुणी आलं की दुकानदार मान वर करून बघतो. मास्तर मापाला येतील म्हणून तो अजून थांबलाय.