सगळ्यांचा एकच कुत्रा

मित्रांनो, मी तिसरीच्या वर्गातला एक जुना सॉफ्टबोर्ड आहे आणि मी चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, गेलेले दिवस आठवून हळूच डोळे पुसावेत, अशी तुमची अपेक्षा असते. आज ते माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडाचा लगदा दाबून माझं अंग बनवलं, त्यावर हिरवं कापड ताणून बसवलं. टाचणी टोचली की माझे तंतू बाजूला सरतात आणि काढली की बरेचसे पुन्हा जवळ येतात. त्यामुळे टोचण्याचं मला दुःख नाही.

या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजी शिकवायला एक बाई होत्या. मुलांच्या घरी इंग्रजीचा वारासुद्धा नव्हता. बाई त्यांना आधी आपल्या भाषेत मनसोक्त बोलू देत, मग चित्र काढायला लावत आणि मग म्हणत, "आता येईल तेवढं इंग्रजीत लिहा. चुकलं तर चुकू दे, मी काही खात नाही कुणाला." तो कागद चुकांसकट माझ्यावर लागे. खाली बाई पेन्सिलीने एक प्रश्न लिहीत. त्याचं उत्तर मूल दुसऱ्या कागदावर लिही आणि तो पहिल्याच्या खाली लागे.

त्या वर्गात एक मुलगी होती. आवाज इतका बारीक की सगळे तिला म्याऊ म्हणत. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. तिने लिफ्टचं चित्र काढून खाली लिहिलं, 'माय फादर रिपेअर लिफ्ट. लिफ्ट गो अप, बिग वेट गो डाउन.' इंग्रजी लंगडं होतं, पण विज्ञान ठणठणीत होतं. बाईंनी विचारलं, दोर तुटला तर? उत्तर आलं, 'नॉट वन रोप. मेनी रोप. माय फादर चेक एव्हरी रोप.' पुढच्या कागदांवर वाक्यं लांबली, एकमेकांना जोडली जाऊ लागली. भिंतीला ठोकलेला होतो म्हणून, नाहीतर मी नाचलो असतो!

मग बाईंची बदली झाली आणि सर आले. पाठोपाठ तपासणीची तारीख आली. माझ्याकडे पाहून सरांनी कपाळाला हात लावला.

"हे असले धिंडवडे भिंतीवर? शाळेची अब्रू जाईल!"

त्यांनी सगळे कागद टराटरा ओढून टोपलीत टाकले. एकही वाचला नाही. मग फळ्यावर 'माझा पाळीव कुत्रा' हा निबंध इंग्रजीत लिहिला आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगितला. कुत्र्याचं नाव टॉमी, रंग तपकिरी.

"सर, आमच्याकडे कुत्रा नाहीये," म्याऊ म्हणाली.

"मग मी कुठे पाळायला सांगतोय? कागदावर बांध!"

वर्ग खदखदून हसला. म्याऊने मान खाली घालून टॉमी उतरवला.

तपासणीच्या मॅडम आल्या. माझ्यासमोर थांबून म्हणाल्या, "अय्या, सगळ्यांचाच टॉमी?"

"एकाच गल्लीतली मुलं आहेत, मॅडम," सरांनी ठोकून दिलं.

मॅडम हसल्या, 'अक्षर सुंदर' असा शेरा देऊन चहाला गेल्या. सरांचा मला राग आहेच, पण मॅडमचा जास्त आहे. त्यांना कळलं होतं!

पुढच्या आठवड्यात पालकसभा झाली. म्याऊचे बाबा कामावरून थेट आले होते. माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी शोधलं.

"तुझं लिफ्टचं कुठंय गं?"

"ते चुकीचं होतं, बाबा."

"चुकीचं कसं? मला वाचून दाखवलंस तेव्हा सगळं बरोबर होतं की."

"इंग्रजीत चुकीचं होतं."

त्यांनी तिचं नाव असलेला कागद तिच्याकडून समजून घेतला. "आणि आपल्याकडे कुत्रा कधी आला?"

"शाळेत सगळ्यांकडे आहे."

तेवढ्यात सर आले. "बघा, एकही चूक नाही पोरीची!" बाबांनी मुकाट्याने मान डोलावली. सरांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्यांना वाटलं. मला टाचण्या उलट्या फेकता आल्या असत्या, तर त्या क्षणी फेकल्या असत्या.

काल सर जरा खुशीत होते. म्हणाले, "आज आपल्या मनाने लिहा, काहीही." म्याऊने पेन्सिलीला टोक केलं, तारीख घातली आणि कोऱ्या फळ्याकडे पाहत बसली. बऱ्याच वेळाने तिने हात वर केला.

"सर, फळ्यावर कधी लिहिणार?"

मित्रांनो, माझं कापड फाटलंय, चौकट निखळलीये. त्याची काळजी करू नका. धूळही झटकू नका. हे वर्ष संपायला अजून वेळ आहे, म्याऊ अजून तिसरीतच आहे. 'तुझं तू लिही, मी वाचणार आहे,' एवढं कुणीतरी तिला आणि तिच्या सरांना ऐकू जाईल असं म्हणायला हवं. मला तोंड नाही. तुम्हाला आहे. मग गप्प का बसलात?