हळदीला पाळणा

बेबीनंदाची आई ती रांगत असतानाच गेली. राजूरच्या उषामावशीनं तिला वाढवलं, शिकवलं, पुण्याला प्रयोगशाळेत धाडलं. पण पोरगी तिथं करते काय, हे मावशीला उमगेना. त्यात कुणीतरी सांगितलं, उंदरांचे मेंदू कापते. शहाण्णवच्या उन्हाळ्यात ती गावी आली, तर मावशीनं शेजारच्या रामरावांच्या ओळखीनं जालन्याच्या कॉलेजातली नोकरी हेरूनच ठेवलेली.

"मला समजंल असं सांग, मंग जा खुशाल," मावशी म्हणाली. "न्हाई जमलं, तर जालना बरं. रोज घरची भाकर खाशील."

मावशीचा शब्द बेबीनंदानं कधी मोडला नव्हता. चुलीपुढं बसून तिनं पेशी सांगितली, जनुक सांगितलं. मावशी भाकरी थापत नुसती "हं" म्हणे. पुणं हातचं जातंय, असं बेबीनंदाला वाटू लागलं.

त्याच रामरावांच्या लेकीच्या लग्नाची हळद दळायची होती. जात्याला हळकुंड-सुपारी बांधली, सुवासिनी बसल्या. मावशीनं गाणं काढलं:

"हळद दळीते गं मांडवाच्या दारी,
लेक माझी गोरी, उजळली सारी."

एवढ्यात रामरावांच्या सुनेच्या, नंदाबाईच्या मांडीवरचं लेकरू किरकिरलं. तिचा हात खुंट्यावर, ध्यान लेकराकडं; तोंडातून पाळणाच निघाला. बाया खुदुखुदु हसू लागल्या.

"नंदे, नवरीला अजून हळद न्हाई लागली अन् तू बारशाला बसलीस व्हय?" मावशी म्हणाली.

"नवरीलाच जल्दी असंल," जात्याशी बसलेल्या पुष्पाबाईंनी जोडून दिलं. नवरीनं पदरात तोंड लपवलं.

बेबीनंदा सांडलेली हळद गोळा करत होती. तिचा हात थबकला.

"मावशी, पाळणा तुला येतो?"

"न यायला काय झालं? इथं समद्यांना समदी गाणी येतात."

"मंग जात्यावर का न्हाई म्हणत?"

"गाण्याला जागा असती, बाई. जात्यावर बसलं की जात्याचंच वर येतं."

"अंगातल्या पेशींचं असंच आहे, मावशी. समद्यांना समदी गाणी येतात. गाणं म्हणजे ते जनुक. पण दर गाण्याच्या तोंडाशी एक तुकडा असतो, प्रमोटर. त्यो जागा बघून गाणं काढतो. साखरेतून ताकद काढणारं एक एन्झाइम आहे. मेंदूच्या पेशी ते स्वतःचं निराळं बनवतात, त्याचं गाणंच निराळं. त्या गाण्याचा तोंडाचा तुकडा मी दुसऱ्या गाण्याला जोडते. मंग ते मेंदूतच उमटतं. पोटात न्हाई, काळजात न्हाई."

"अन् ते कशापायी?"

"कुणाच्या मेंदूत काही कमी पडलं, तर उद्या ते तिथंच बनवता यावं. भलत्या जागी नको."

"हळदीला पाळणा नको," मावशी हळूच म्हणाली. मग तिनं भाचीकडं रोखून पाहिलं. "अन् उंदरं?"

"गाणं कुठं उमटलं ते बघायला कापावी लागतात, मावशी."

जातं थांबलेलं होतं. मावशीनं मूठभर हळकुंडाचे तुकडे घेतले, तळहातावर घोळवले.

"तेवढं मला बिलकुल आवडलं न्हाई," ती म्हणाली. "पण समजलं."

तिनं मूठ जात्यात सोडली आणि ओट्यावरच्या रामरावांना हाक दिली, "भाऊ, जालन्याच्या कॉलेजात सांगून टाका. पोरगी पुण्यालाच राह्यची म्हणावं."

मग नंदाबाईचं लेकरू उचलून तिनं बेबीनंदाच्या मांडीवर ठेवलं. "धर याला. नंदाला नीट गाऊ दे."

जातं पुन्हा फिरू लागलं. लेकरानं बेबीनंदाचं पिवळं बोट मुठीत धरलं आणि तीही बायांच्या मागून गाऊ लागली.