विश्वेशचा ताप आणि माझी कॉफी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. अंगावर लाल-हिरव्या चौकटी, आत काचेचे पोट, तोंडाला बूच आणि डोक्यावर पेल्यासारखे झाकण, असे माझे रूप आहे. चौकटींचा रंग आता उडाला आहे आणि बुडाशी एक पोचाही आला आहे. पण सकाळी माझ्या पोटात ओतलेली कॉफी दुपारी ओठ भाजेल इतकी गरम असते. हे मी बढाई मारायची म्हणून सांगत नाही. खरे तर थोडी बढाई आहेच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे काचेच्या दोन भिंती करून त्यांच्यामधली हवा काढून घेतात आणि काचेला चांदीसारखा मुलामा देतात. म्हैसूरच्या बाजारातल्या एका दुकानातून मला गंगाधररावांनी विकत घेतले. त्यांना तेव्हा मुलगा झाला होता आणि दवाखान्यात बाळंतिणीसाठी गरम दूध न्यायचे होते. तो मुलगा म्हणजे विश्वेश. त्या काही दिवसांचे दूध मी आनंदाने सांभाळले. त्यानंतर मात्र मला कॉफीची सवय लागली, आणि कॉफीशिवाय दुसरे काही आत आले की मला अपमान वाटू लागला.

चामराजपुरममधले हे मराठी घर. कित्येक पिढ्या म्हैसुरात गेल्यामुळे यांच्या मराठीत कन्नड इतके मिसळले आहे की कुठे काय संपते ते त्यांनाही सांगता येणार नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीला मी यांच्याबरोबर जायचो, नंदीच्या डोंगरावर जायचो, लग्नाकार्यालाही जायचो. पाहुणे म्हणायचे, "काय थर्मास आहे हो!" मग घरात स्टीलच्या चकचकीत बाटल्या आल्या आणि मला माळ्यावर टाकले. तिथे एक फुटकी कुंडी आणि मी. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही. खूप वाईट वाटले होते, एवढे सांगतो.

विश्वेशला हेब्बाळच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि माझे नशीब उघडले. तिथल्या यंत्रातून बटण दाबले की जे पडते त्याला कॉफी म्हणायला तो तयार नव्हता. त्याने मला खाली काढले, घासूनपुसून स्वच्छ केले, आणि तेव्हापासून रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये पहिल्या बाकावर मी त्याच्या मांडीवर असतो.

ती बस प्राणेश चालवायचा. मित्रांनो, मी काचेचा आहे, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याची पारख मला चांगली आहे. खड्डा आला की प्राणेश बसला असा हळूच उतरवायचा की माझ्या पोटातली कॉफी नुसती डुलायची. चालवताना तो गुणगुणायचा. बोगादीच्या वळणावर कोणी ना कोणी उशिरा धावत येणारा असायचाच, म्हणून तिथे तो बस पूर्ण थांबवायचा. तेवढ्यात विश्वेश मला उघडून झाकणात कॉफी ओतायचा. चालत्या बसमध्ये तो बुचाला हातही लावत नसे.

एका सकाळी असेच झाले. बस उभी होती, विश्वेश ओतत होता, बाकीचे सगळे डुलक्या घेत होते किंवा मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. इतक्यात गल्लीतून एक स्कूटर भरधाव आली आणि उभ्या बसच्या नाकावर आदळली. चालवणाऱ्याची नजर हातातल्या फोनवर होती. त्याचा पाय मोडला. प्राणेशनेच त्याला उचलून दवाखान्यात नेले. पण पुढे तक्रार झाली ती प्राणेशवर, की त्याने बेदरकारपणे बस आणून धडकवली. खटला उभा राहिला. निकाल लागेपर्यंत कंपनीने त्याच्या हातून चाक काढून घेतले आणि त्याला आवारात बस धुवायला लावले. आता बसच्या खिडकीतून तो दिसायचा, हातात रबरी नळी घेतलेला. गुणगुणणे बंद झाले होते.

काय घडले ते विश्वेशने पाहिले होते. तो प्राणेशच्या वकिलांकडे गेला आणि म्हणाला, मी सांगतो. मग त्याला साक्षीसाठी समन्स आले, आणि इथूनच गंमत सुरू झाली.

झाले असे, की गंगाधररावांच्या लेखी कोर्ट म्हणजे भानगड. त्यांना कळले तर ते जेवण सोडतील, अशी विश्वेशला भीती. म्हणून घरी त्याने सांगितले, ऑफिसला जातो. आणि ऑफिसात कोर्टाचे नाव काढावे तर लोक काय म्हणतील, म्हणून तिथे कळवले, ताप आला आहे. खरे फक्त त्याची बायको गोदा जाणत होती, आणि मी. पहिल्या तारखेला न्यायाधीशबाई रजेवर होत्या. नंतरच्या तारखेला वकील आले नाहीत. त्यापुढच्या तारखेला आणखी काही. विश्वेश आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसायचो, कॉफी संपायची, आणि पुढची तारीख घेऊन परत यायचो.

इकडे ऑफिसात विश्वेशच्या तापाची चर्चा सुरू झाली. त्याच्या शेजारच्या टेबलावर श्रीलक्ष्मी बसते. ती फार मायाळू आहे, आणि तिची माया माझ्याच अंगावर आली. "कसलं हे दर महिन्याला ताप येणं विश्वेश? स्वल्प कषाय घे, बरं वाटेल," असे म्हणून तिने मिरी, जिरे आणि धणे घातलेला काढा थेट माझ्या पोटात ओतला! मित्रांनो, मी कॉफीचा थर्मास आहे हो. तो वास माझ्या बुचातून जाता जाईना. एचआरमधली अवनी नुकतीच नाशिकहून आलेली. तिला विश्वेशची इतकी काळजी वाटली की तिने त्याला रक्त तपासून घ्यायला पाठवले. सगळे ठीक निघाले. त्यामुळे ती आणखीच घाबरली. तिला वाटले, हा काहीतरी अवघड आजार दिसतो.

आणि एकदाची साक्षीची खरी तारीख आली. आदल्या दिवशी वकिलांनी बजावले होते, उद्या नक्की साक्ष होणार, चुकवू नका. साक्षीच्या दिवशी सकाळी गोदा काढ्याचा वास घालवायला मला सोडा घालून धूत होती, म्हणून विश्वेश कॉफी न घेताच घाईने बाहेर पडला. मी ओट्यावर उलटा पडून होतो. त्यामुळे पुढचे सगळे मला जवळून पाहायला मिळाले.

थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. आजाऱ्याला बघायला जायची आपली रीत. अवनी सफरचंदे घेऊन आली होती आणि श्रीलक्ष्मी काढ्याची बाटली घेऊन.

"काका, विश्वेश झोपलेत का? उठवू नका हं, आम्ही नुसतं बघून जातो," अवनी दबक्या आवाजात म्हणाली.

"झोपलाय? अय्यो, तो सकाळीच ऑफिसला गेला की!" गंगाधरराव म्हणाले. "बस चुकेल म्हणून कॉफी पण घेतली नाही."

"ऑफिसात तर ताप म्हणून मेसेज आलाय, अप्पा," श्रीलक्ष्मी म्हणाली.

"ताप? कोणाला ताप?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग तिघांनी मिळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तिथे गोदा मला पदराने पुसत उभी होती.

"ताप नाही आणि ऑफिस पण नाही," ती म्हणाली. "ते कोर्टाला गेलेत. बसवाल्या प्राणेशच्या बाजूने साक्ष द्यायला."

गंगाधरराव खुर्चीत बसलेच. "कोर्टाला! आपल्या घराण्यात कोणी ती पायरी चढलं नाही, गोत्ता? माहीत आहे ना? काय केलं त्यानं?"

"काही केलं नाही, अप्पा. त्यांनी बघितलं. आणि बघितलेलं सांगायला गेलेत."

अवनी खो खो हसत सुटली. "अहो, साक्षीला बोलावलं तर आपल्या कंपनीत पगारी रजा मिळते! आजारपणाच्या रजेला हातसुद्धा लावावा लागत नाही. मी आल्यापासून ही रजा एकानंही मागितली नाही. मला वाटायचं, म्हैसूरच्या लोकांना कोर्टाचं काही कामच पडत नाही."

"मागायची कशी, मॅडम?" श्रीलक्ष्मी म्हणाली. "कोर्ट म्हटलं की सगळे विचारणार, हिनं काय केलं?"

हे ऐकून गंगाधरराव जमिनीकडे बघू लागले, कारण हेच तर त्यांनी आत्ता विचारले होते.  मग त्यांनी मान वर केली.

"गोदा, कॉफीचं डिकॉक्शन आहे का?"

"आहे, अप्पा."

"मग दूध तापव. त्यानं कॉफी नेली नाही."

त्या दिवशी माझ्या पोटात कॉफी पडली तेव्हा मला किती बरे वाटले म्हणून सांगू! अवनीच्या गाडीतून आम्ही सगळे कोर्टात गेलो. दाराशी शिपायाने बूच काढून मला हुंगून पाहिले, डोळे मिटले आणि जाऊ दिले.

खोली लहान होती. विश्वेश साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. प्राणेश मागच्या भिंतीशी उभा होता, आणि त्याच्या दोन्ही मुठी चाक धरल्यासारख्या आवळलेल्या होत्या. सरकारी वकील कन्नडमध्ये विचारत होते, "बस उभी होती हे तुम्हाला इतकं पक्कं कसं आठवतं?"

"सर, मी कॉफी ओतत होतो," विश्वेश म्हणाला. "चालत्या बसमध्ये मी थर्मास उघडत नाही. बस उभी होती म्हणूनच ओतत होतो. मग समोरून धक्का बसला आणि कॉफी माझ्या शर्टावर सांडली."

 वकिलांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही त्याच कंपनीत नोकरीला आहात. कंपनीची बस, कंपनीचा ड्रायव्हर. कंपनीनंच तुम्हाला पगारी रजा देऊन, पढवून इथं पाठवलंय. खरं ना?"

विश्वेशने उत्तरासाठी मान वर केली आणि त्याला दारात आम्ही दिसलो. सफरचंदांची पिशवी घेतलेली अवनी, तिच्या मागे श्रीलक्ष्मी आणि गोदा, आणि मला छातीशी धरलेले गंगाधरराव. त्याचे कान लालबुंद झाले. खोटे बोलून वेळ मारून न्यायची सवय लागलेला माणूस तो, पण आता शपथ घेऊन उभा होता. गंगाधररावांचे काळीज धडधडत होते, ते मला माझ्या चौकटींवर कळत होते.

"नाही सर," विश्वेश म्हणाला. "कंपनीला माहीतच नाही. मी त्यांना ताप आलाय म्हणून कळवलंय. आजच नव्हे, प्रत्येक तारखेला. आणि घरी सांगितलंय, ऑफिसला जातो. त्या दारात उभ्या आहेत त्या आमच्या एचआर मॅडम. ते माझे वडील. मी इथं येतो हे दोघांनाही माहीत नव्हतं."

सगळी खोली हसली. न्यायाधीशबाईंनी हसू आवरत अवनीला विचारले, "खरं आहे का हे?"

"हो, मॅडम. आम्ही तर त्यांचं रक्तसुद्धा तपासून घेतलं."

"काय निघालं?"

"काहीच नाही, मॅडम. सगळं ठणठणीत."

आता सरकारी वकीलही हसले आणि खाली बसले. कंपनीने पढवून पाठवलेल्या माणसाने कंपनीलाच ताप आल्याचे सांगून कशाला यायचे? न्यायाधीशबाईंची नजर माझ्याकडे वळली. "आणि तोच का तो थर्मास?"

गंगाधररावांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. "हाच, अम्मा!"

मित्रांनो, दसऱ्याच्या मिरवणुकीत मी पुष्कळदा जाऊन आलो आहे. पण त्या दिवशी मला वाटले, आज अंबारीत मीच बसलो आहे.

"बरं," न्यायाधीशबाई विश्वेशला म्हणाल्या. "साक्षीला येणं हे चांगलं काम आहे. पुन्हा कधी बोलावलं तर आजारी न पडता या."

बाहेर व्हरांड्यात माझ्या एकाच झाकणातून सगळे आळीपाळीने कॉफी प्यायले. प्राणेशने पहिला घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. विश्वेश गंगाधररावांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात बराच वेळ पाठीवर ठेवला. सरकारी वकील जाता जाता एक घोट पिऊन "साखर कमी आहे" म्हणाले. त्यांना मी क्षमा केली.

पुढच्या तारखेला निकाल लागला आणि प्राणेश निर्दोष सुटला. विश्वेशच्या नावावरचे सगळे ताप अवनीने काढून टाकले आणि त्या दिवसांची साक्षीची रजा लावली. गंगाधरराव आता गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगतात, "आमचा विश्वेश कोर्टाला गेला होता, गोत्ता?" ऐकणारे घाबरतात. मग ते मला डोक्यावर उचलण्यापर्यंतची सगळी हकीकत सांगतात, त्यात मी असतोच. आणि परवा श्रीलक्ष्मीला कुठल्याशा चोरीच्या खटल्यात साक्षीचे बोलावणे आले, तेव्हा भर ऑफिसात सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मॅडम, मला कोर्टाला जायचंय." कोणी काही विचारले नाही. फक्त विश्वेशने मला तिच्या टेबलावर ठेवले. तिने माझ्यात कॉफीच भरून नेली, ही त्यातली आनंदाची गोष्ट.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद माळ्यावर पडला असेल तर त्याला खाली काढा, उन्हात वाळवा, त्याचे बूच बदला. त्याला आपटू नका, कारण आतून तो काचेचा असतो. आणि कोणी पाहिलेले खरे सांगायला निघाला, तर त्याने काय केले असे विचारू नका. तोही त्या दिवशी आतून काचेचाच असतो. त्याला जाऊ द्या, त्याचे काम तेवढा वेळ तुम्ही करा, आणि बरोबर काहीतरी गरम द्या.

आता मला थांबायला हवे. बस बोगादीच्या वळणावर आली आहे. कोणीतरी उशिरा धावत येतो आहे. गुणगुणणे थांबले, बस पूर्ण उभी राहिली, आणि प्राणेश आरशातून मागे बघत म्हणतो आहे, "आता ओता, सार."