मी पिकत नाही

मी काचबिंदू. अहो, पान उलटू नका ना! माझ्या बाबतीत नेमकं हेच होतं. माझं नाव निघालं की लोक घड्याळ बघतात, उगाच खोकतात, 'चहा टाकू का?' म्हणत उठून जातात. आज मात्र मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. बास.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी तो आजार नाही, त्या आजाराचा शब्द आहे. आजार डोळ्यात राहतो, मी तोंडात राहतो. म्हणजे राहायला पाहिजे! प्रत्यक्षात मी दवाखान्याच्या भिंतीवर एका पोस्टरला चिकटून असतो आणि लोक त्याच पोस्टरखाली बसून मोबाइल बघत असतात.

वयानं मी चांगलाच म्हातारा आहे, बोलण्यावर जाऊ नका. जुन्या संस्कृत वैद्यकात डोळ्याचं दुखणं पायरीपायरीनं वाढतं असं मानायचे. आधी तिमिर, म्हणजे अंधारी. मग काच. मग लिंगनाश, म्हणजे नजरच गेली. त्यातला मधला काच, तो मी! लहानपणचा. गंमत बघा, तेव्हा मी ज्या दुखण्याचं नाव होतो ते आजच्या मोतीबिंदूच्या जवळचं होतं. पुढे मला 'बिंदू' हे शेपूट लागलं, अर्थ सरकला आणि मी वेगळ्याच आजाराच्या घरी नांदायला गेलो.

परदेशातल्या माझ्या जोडीदाराचीही हीच रड. ग्लॉकोमा. तो ग्रीक रंगातून आलाय. निळसर, हिरवट, राखाडी, ढगाळ दिवसाच्या समुद्रासारखा. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात तशी झाक दिसली की त्याला ते नाव लावून लोक मोकळे! त्यातही मोतीबिंदू घुसलेलाच होता. दोघांना वेगळं काढता काढता डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

आणि हा मोतीबिंदू म्हणजे माझा चुलतभाऊ. काय नशीब घेऊन आलाय! नावातच मोती. डोळ्याच्या भिंगात पांढरा बसतो, सगळ्यांना दिसतो, ऑपरेशन केलं की जातो. लोक काळा चष्मा घालून फोटो काढतात, नातेवाईक फळं घेऊन येतात. त्याच्याबद्दल एक शब्द पूर्वी घरोघरी चालायचा, 'पिकणं'. मोती पिकू द्या, मग काढू. एके काळी डॉक्टरही तसंच सांगायचे, त्यामुळे लोकांची चूक म्हणता येत नाही. पण ते पिकणं लोकांनी मलाही लावलं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

माझी ही गोष्ट एका ताईची आहे. पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल आहे. त्यावर कापड पसरायचं, टेप लावायचा, खडूनं रेघ मारायची आणि मोठ्या कात्रीनं सरळ कापत जायचं, हे ताईचं काम. गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप कागदावर असतं, पण चुण्यांना किती कापड धरायचं ते ताईच्या डोक्यात. शिवणारे म्हणायचे, ताईनं कापलेल्या पडद्याला इस्त्रीसुद्धा घाबरते.

मग ताईच्या नजरेतून कापडातली भोकं आणि डाग निसटायला लागले. नेहमी डाव्या बाजूचे. पडदा टांगला की गिऱ्हाईक म्हणणार, 'हे काय, काठाजवळ भोक आहे की!' ताई ट्यूबलाइटला शिव्या द्यायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटला की चौकटीला. टेबलावरचा चहाचा कप कोपरानं उडाला की ज्यानं तो तिथे ठेवला त्याला.

एवढं होऊनही तिला काही खटकलं नाही? अहो, तीच तर खोच आहे. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो. जिथे दोघांनाही दिसत नाही तिथे काळं भोकबिक नसतं, मेंदू आपला अंदाजानं ठिगळ लावून देतो. दुखत नाही, लाल होत नाही. निदान बहुतेकांचं तरी असंच असतं. समोरचं तर अगदी स्वच्छ दिसतं!

शेवटी ताईनंच निदान केलं. 'आईला झाला होता तसा मोती होतोय मला. पिकला की काढून घेईन.' आईचा मोती पिकेपर्यंत घरानं वाट बघितली होती आणि ऑपरेशननंतर आईनं बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या साडीचा रंग सांगितला होता. त्यामुळे ताईही वाट बघत बसली. मोठ्या समाधानानं. फणस ठेवलाय म्हणा ना, वास सुटला की कापायचा!

मग एकदा जिना उतरताना तिची शेवटची पायरी चुकली आणि पाय मुरगळला. तेव्हा ती डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंसमोर जाऊन बसली.

'बघा हो, पिकला असेल आता.'

डॉक्टरीण बाईंनी डोळ्यातला दाब मोजला, एकेक डोळा झाकून बाजूनं बोट आणत ते कधी दिसतं ते विचारलं, डोळ्यात थेंब घालून आतलं बघितलं, मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावून लुकलुकणारा दिवा दिसला की बटण दाबायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढली.

'ताई, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे.'

आलो! पोस्टरवरून उतरून ताईच्या कानात शिरलो. तिला मी चुलतभावासारखाच वाटलो.

'मग हा कधी पिकतो?'

'हा पिकत नाही. डोळ्यातल्या दाबामुळे मागची नस हळूहळू सुकते. जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही. जी उरलीय ती थेंब घालून, वेळोवेळी तपासून राखायची. आयुष्यभर.'

वाट बघण्यात घालवलेले सगळे दिवस तिच्या चेहऱ्यावरून गेले, मी समोरून बघितले. मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, 'थेंब कधी घालायचे?' ताई जबरदस्त आहे, मी तेव्हाच ओळखलं.

'रोज, ठरलेल्या वेळेला. आणि हा घराण्यात उतरतो. सख्खी भावंडं?'

'एक भाऊ. धाकटा.' ताई थबकली. 'तो डिलिव्हरीची व्हॅन चालवतो.'

आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. ताई थेट भावाच्या घरी गेली. तो जेवत होता.

'डोळे तपासून घे. मला काचबिंदू निघालाय, तुलाही असू शकतो.'

'हे बघ, लांबची पाटी मी तुझ्याआधी वाचतो. लावायची पैज?'

'पाटी समोर असते रे गाढवा. बाजूचं काय?'

'बाजूला तुझी वहिनी असते, तिचं ऐकू येतं. बघायची काय गरज?'

वहिनी आतून ओरडली, 'ताई, त्या आरशाचं सांगा त्यांना! व्हॅनचा डावा आरसा किती वेळा फुटला ते!'

'गल्ली अरुंद आहे!' भाऊ भडकला. भात तसाच ठेवून उठला. 'ताई, तुझं तू बघ. माझ्या घरात त्या आजाराचं नाव काढायचं नाही. मालकाच्या कानावर गेलं तर चावी काढून घेईल हातातली. मग काय तुझे पडदे शिवू?'

झालं! मला घरातून हाकललं. वहिनी मला 'ताईंचं ते डोळ्यांचं' म्हणायला लागली. वाईट वाटलं, पण भावाचा रागही येईना. तो मला घाबरत होता. ज्याला घाबरतो त्याचं नाव माणूस टाळतो, ही सवय मी खूप जुन्या काळापासून बघतोय. त्यामुळे आजार पळून जात नाही एवढंच.

ताई मात्र हटली नाही. रोज फोन करायची. तो उचलायचा नाही, मग वहिनीला करायची. शेवटी तिनं त्याला दुकानात बोलावलं. गठ्ठे पोचवायचेत म्हणून. खोटं नव्हतं, गठ्ठे होतेच. त्यानं व्हॅन दारात लावली आणि मागच्या खोलीत आला.

'बस त्या स्टुलावर. डावा डोळा तळहातानं झाक.'

'आता हे काय नवीन?'

'मी काय लहानपणी तुला कमी नाटकं करायला लावली? बस!'

तो बसला. ताई समोर, हातभर अंतरावर. डॉक्टरीण बाईंनी बोटानं जे केलं होतं तेच तिनं कापडावर रेघा मारायच्या पांढऱ्या खडूनं केलं.

'माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवलीस तर कान पिळीन. खडू दिसला की सांग.'

उजव्या डोळ्याला खडू लवकर दिसला. 'दिसला. झालं? जाऊ?'

'आता उजवा झाक.'

ताईनं डाव्या बाजूनं खडू आत आणायला सुरुवात केली. भाऊ नाकाकडे बघत होता. खडू त्याच्या कानाजवळून पुढे आला. खांद्यासमोर आला.

'आण की,' भाऊ म्हणाला. 'किती वेळ लावतेस?'

'आणतेय.'

'कुठाय?'

ताईनं खडू तिथेच धरला. 'आता बघ.'

त्यानं मान वळवली. खडू त्याच्या चेहऱ्यापासून वीतभरच लांब होता.

भावानं खडूकडे निरखून बघितलं. मग तळहात डोळ्यावर ठेवून पुन्हा समोर बघितलं, पुन्हा मान वळवली. जणू खडूच लबाडी करतोय.

'ताई, परवा एक पोरगी सायकलवरून... डावीकडून आली. मला वाटलं, आकाशातून पडली. जोरात ब्रेक मारला म्हणून वाचली. मी तिलाच शिव्या दिल्या.'

ताईनं हात पुढे केला. त्यानं खिशातून व्हॅनची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. गठ्ठे त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी पोचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, 'काय होतंय?'

वहिनी घाईघाईनं म्हणाली, 'जरा डोळ्यांचं...'

'काचबिंदू,' भाऊ म्हणाला. मोठ्यांदा. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. 'बहिणीला आहे. मलाही असणार. तपासायचाय.'

अख्ख्या आयुष्यात मला कुणी चारचौघांत इतकं सरळ उच्चारलं नव्हतं!

त्याला मी निघालो. डाव्या डोळ्यात बराच, उजव्यात नुकता कुठे. उजवा राखता येईल, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. भावानं मालकाला स्वतः जाऊन सांगितलं. मालकानं चावी परत दिली नाही. सध्या भाऊ गोदामात माल चढवून घेतो, संध्याकाळी घरी येऊन चिडचिड करतो, वहिनीशी भांडतो आणि थेंबांची वेळ झाली की मुकाट खुर्चीत मान मागे टाकतो. ताई अजून कापड कापते. फक्त कापायच्या आधी टेबलाला पूर्ण फेरी मारते आणि डावी कड बोटांनी चाचपते. भोक सापडलं की अशी ओरडते, जणू चोर पकडला!

आता तुमच्याशी शेवटचं बोलतो. ताईची खडूची युक्ती घरी करून 'आम्ही पास' म्हणू नका. तिच्यात मी सापडतो तो बराच पुढे गेल्यावर. सुरुवातीला मी फक्त डॉक्टरांच्या तपासणीत सापडतो. चाळिशी आली असेल, घरात कुणाला मी असेन, तर जा आणि विचारा. माझं नाव घेऊन विचारा. माझी वाट बघत बसू नका. मोठ्या बहिणीला फोन लावा, धाकट्या भावाला लावा, तो चिडला तर परत लावा. मी शब्द आहे हो, मला फार काही करता येत नाही. तुम्ही वेळेवर उच्चारलंत, तर मात्र एखाद्याची उरलेली नजर मी वाचवू शकतो. घ्या की तोंडात!