आंधळी कुणाला म्हणतोस?

“ए टकल्या, आंधळी कुणाला म्हणतोस? माझी मुलगी आहे ती!”

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. योलितानं वळून पाहिलं नाही. दोन फ्री थ्रोची खूण करून तिनं चेंडू खेळाडूच्या हाती दिला. कान मात्र तापले होते.

झिग्मांतास, तिचा बाप, निवृत्त बसचालक. त्यांच्या कुपिश्किस गावच्या बास्केटबॉल हॉलमध्ये त्यानं उभं आयुष्य पंचांना शिव्या घातल्या. मग पोरगीच पंच झाली आणि गडी एका रात्रीत फिरला. बायको गेल्यापासून तर तो योलिताला प्रत्येक सामन्याला स्वतः गाडीनं न्यायचा, आणि तिथे तिच्या वतीनं साऱ्या हॉलशी भांडायचा. आज परगावी, झारासायला येतानाही तिनं बजावलं होतं, “बाबा, आज गप्प बसायचं.” तो म्हणाला होता, “मी कुठे काय बोलतो?”

चौथा, शेवटचा डाव अर्धा झाला होता. यजमानांचा प्रशिक्षक नोर्बेर्तास रेषेपाशी आला. ओरडला नाही, हेच वाईट.

“बाई, तुमचे वडील माझ्या पोरांना रडतोंडे म्हणतायत. तक्रार तुमच्याकडे करू की त्यांच्याकडे?”

तेवढ्यात मागून बापाचा आवाज आला, “तिच्याशी नीट बोल रे, ढेरपोट्या!”

योलितानं शिट्टी वाजवली. घड्याळ थांबवलं, टेबलापाशी गेली आणि संयोजकांना म्हणाली, “तिसऱ्या रांगेतल्या त्या प्रेक्षकाला बाहेर न्या. निळा स्वेटर.”

साऱ्या हॉलच्या माना वळल्या. झिग्मांतासही मागे वळून बघू लागला, कोण बरं हा निळ्या स्वेटरवाला. मग त्यानं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

“मी? अगं योलिता, मी तर तुझ्या बाजूनं...”

 ती हाताची घडी घालून वाट पाहत राहिली. बापानं टोपी चढवली, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत तो बाहेर पडला. पाठ जरा वाकलेली दिसली.

जोडीदार पंच ताउत्विदास हळूच म्हणाला, “आता घरी कशी जाणार?”

“चालत,” ती म्हणाली.

शेवटच्या क्षणी यजमान एका गुणानं मागे होते. त्यांचा सात नंबर मुसंडी मारत आत घुसला. समोरचा खेळाडू पाय रोवून केव्हाचा उभा होता. खांदा थेट त्याच्या छातीवर, तो आडवा, आणि चेंडू जाळीत. हॉल नाचू लागला. योलिताची मूठ वर गेली होती. ती तिनं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटली. फाउल सात नंबरचा. बास्केट नाही.

मग शिव्या सुरू झाल्या. आंधळी, विकली गेलेली, घरी जाऊन बटाटे सोल. तिच्या वतीनं कुणीच उठलं नाही. आणि गंमत म्हणजे तिला मोकळं वाटलं. शिव्या तिच्या एकटीच्या होत्या, निर्णयासारख्याच. सामना संपल्यावर नोर्बेर्तासनं तिच्याकडे न बघता हात पुढे केला, पण केला.

कपडे बदलून ती भीतभीतच बाहेर आली. कोट सांभाळणाऱ्या बाईच्या खिडकीशी झिग्मांतास चहा पीत बसला होता, पुढ्यात लसूण चोळलेला काळा पाव.

“शेवटचा फाउल कुणावर दिलास?”

“सात नंबरवर. धक्का.”

“बास्केट?”

“नाही धरली.”

“म्हणून छप्पर उडालं होय! समोरचा उभा होता?”

“दोन्ही पाय रोवून.”

“मग झालं.” त्यानं पाव मोडून अर्धा तिला दिला. “टीव्हीवर सामना असला की तुझी आईसुद्धा मला असंच बाहेर काढायची. जिन्यात बसून ऐकायचो.”

“रागावला नाहीस?”

“रागावलो होतो. चहा आला मग. आणि घसा बरा वाटतोय बघ.”

योलिता हसली. खूप दिवसांनी आईचं नाव रडण्याशिवाय निघालं होतं, तेही परक्या गावच्या हॉलच्या दारात.

बाहेर बर्फ धरला होता. फाटकाशी उभ्या चारपाच जणांतला एक ओरडला, “ए आंधळे, गाडी तरी दिसते का?”

झिग्मांतासनं मान वळवली. तोंड उघडलं. योलिता थांबली.

त्यानं तोंड मिटलं, गाडीतून प्लास्टिकची पट्टी काढली, आणि तिच्या बाजूच्या काचेवरचा बर्फ सावकाश खरवडू लागला.