शेगडीपुढचा दिवा

मित्रांनो, मी छावणीकडच्या रस्त्यावरची एक जुनी कोठी आहे. शाळेच्या रिक्षातून जाताना तुम्हाला माझे गंजलेले कुलूप आणि फाटकापाशी वाढलेले गवत तेवढे दिसत असेल. आत कोणकोण राहून गेले, ते मात्र माझे मलाच सांगावे लागणार.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात, निजामाच्या चाकरीतल्या एका गोऱ्या साहेबाने मला बांधून घेतले. पाया आपल्याकडच्या काळ्या दगडाचा. भिंती विटा-चुन्याच्या, आणि चुन्यात गूळ नि बेलफळ घातलेले. वरचा थाट मात्र सगळा साहेबाच्या देशाचा. उतरते कौलारू छप्पर, त्याच्या कडेने लाकडाची कातीव झालर, बग्गी उभी राहावी एवढे पोर्च, आणि भिंतीतून पुढे डोकावणारी एक मोठी खिडकी. तिला निळ्या-तांबड्या काचा होत्या. सकाळी ते रंग फरशीवर सांडत, तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

दिवाणखान्यात पश्चिमेच्या भिंतीत साहेबाने शेगडी बसवली. भिंतीतच एक कमान, भोवती कोरीव दगड, आणि वर छपराबाहेर गेलेले धुराडे. आपल्या गावाला तिचा काय उपयोग? पौषातल्या चार संध्याकाळी साहेब लाकडे पेटवी आणि पाय लांब करून आपल्या देशाच्या आठवणीत बसून राही. पण मित्रांनो, माझ्या छपराच्या मोठ्या तुळया त्याच भिंतीवर टेकल्या आहेत. ती पडली की मी पडले.

साहेबानंतर निजामुद्दीन वकील आणि त्यांची बायको रईसाबी आले. रईसाबीने व्हरांड्याला बांबूच्या कामट्यांचे चिकाचे पडदे लावले आणि खिडकीखाली मोगरा लावला. नमाज ती मागच्या खोलीत, पश्चिमेकडे तोंड करून पढे. शेगडी कुणी पेटवलीच नाही. तिथे तिची मांजर झोपे.

पोलिस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले आणि शहराची हवा बदलली. वकिलांचा जीव इथे रमेना. त्यांचा भाऊ हैदराबादला होता, तिकडेच जायचे ठरले. पाचोडचे तात्यासाहेब मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर शोधत होते. त्यांनी मला घेतले.

निघायच्या दिवशी टांगा पोर्चमध्ये उभा होता. रईसाबी शेगडीपुढे गुडघे टेकून, डोके आत घालून मांजरीची पिल्ले काढत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. नेमकी त्याच वेळी तात्यासाहेबांची बायको, आवडाबाई, दारात येऊन उभी राहिली. तिला दिसले ते एवढेच: पश्चिमेची भिंत, कमान, आणि कमानीपुढे वाकून रडणारी एक बाई. आवडाबाईने हळूच चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब म्हणाले, "ही खोबण बुजवून कपाट बसवू."

"हात लावायचा नाय," आवडाबाई म्हणाली. "त्या बाईच्या देवाची जागा हाय ती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"येडी का काय तू? आत काय तरी हाय का?"

"त्यांच्यात मूर्ती नसती. म्हणूनच तर रिकामी हाय!"

तात्यासाहेबांनी कपाट दुसऱ्या भिंतीला लावले. त्या संध्याकाळपासून आवडाबाई शेगडीपुढे दिवा लावू लागली. देवघरातला एक, इथला एक. मोगऱ्याची पहिली फुलेही इथेच वाही. मला सगळे ठाऊक होते, पण भिंतींना बोलता कुठे येते?

वर्षे गेली. तात्यासाहेब वारले. त्यांचा मुलगा बद्रीनाथ बांधकामाच्या धंद्यात पडला आणि त्याला मी जुनाट वाटू लागले.

"आई, उस्मानपुऱ्यात बघ कशी स्लॅबची घरं झाली. हे पाडू आपण."

"पाड. पण ती भिंत ठिवून पाड."

"अगं, सगळं घर तिच्यावरच उभंय!"

"मग घर बी ठेव. दुसऱ्याची ठेव हाय ती. ती बाई येऊन म्हणू दे, मग पाड."

बद्रीनाथ हट्टाला पेटला. त्याने चौकशी करून रईसाबीचा पत्ता मिळवला, आणि ती भाचीच्या लग्नाला शहरात आली तेव्हा तिला माझ्याकडे घेऊन आला. मित्रांनो, ज्या पावलांसाठी मी इतकी वर्षे झुरत होते, तीच माझा शेवट घेऊन आली होती.

रईसाबी म्हातारी झाली होती. खांबांवरून हात फिरवत ती दिवाणखान्यात आली. बद्रीनाथने विचारले, "चाची, ही तुमची नमाजाची जागा ना?"

"इथं? या अल्ला!" रईसाबीला हसू आवरेना. "ही तर गोऱ्या साबची शेगडी, बेटा! आमची बिल्ली व्यायली होती हिच्यात."

आवडाबाईचा चेहरा पडला. "मग तवा तुम्ही डोकं टेकून रडत व्हत्या, ते?"

"पिल्लं काढत होते, बाई. आणि घर सुटत होतं माझं. रोऊं नक्को?"

"झालं!" बद्रीनाथने टाळी वाजवली. "आता पाडू ना, आई?"

रईसाबीचे लक्ष खाली गेले. फरशीवर तेलाचा काळा डाग होता, शेजारी सुकलेला मोगरा. तिचे हसू थांबले.

"रोज लावता दिवा?"

"तुम्ही गेल्यापासनं."

रईसाबी तिथेच खाली बसली. मग बद्रीनाथला म्हणाली, "मला विचारायला बोलावलं ना? तर सुन. मैंने यहाँ कभी सजदा नहीं किया. तेरी अम्मा ने किया. जागा तिची आहे. तिला विचार."

बद्रीनाथने आईकडे पाहिले. आवडाबाईने डोळे पुसले, वात घेतली आणि रईसाबीला म्हणाली, "सरका जरा. दिवा लावायची येळ झाली."

त्यानंतर बद्रीनाथने पाडण्याचे नाव काढले नाही.

आता त्यांच्यापैकी कुणीच नाही. बद्रीनाथची मुले पुंडलिकनगरला राहतात. झालर तुटली आहे, काचा फुटल्या आहेत. संध्याकाळ झाली की मला उगाच वाटते, चपला काढल्याचा आवाज येईल. कधी बांगड्यांचा, कधी दोघींच्या हसण्याचा. तो येत नाही.

मित्रांनो, मी अजून किती दिवस उभी राहीन, ठाऊक नाही. पण एखादी जुनी भिंत पाडायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी विचारा, इथे कोण बसत होते, कोण कशाला जपत होते. मिळालेले उत्तर चुकीचे असले तरी चालेल. एका बाईच्या चुकीवरच तर मी आजवर उभी आहे.