आवाज सोडून बाकी सगळं

अहो, इकडे! दिसत नाही म्हणून काय झालं, बोलतेय ती मीच. मी एक फाईल आहे, आणि तीही दिसायला अगदी भिकार: ना चित्र, ना रंग, नुसत्या ओळी. सॉफ्टवेअर तयार झालं की दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकायला त्याचा सेटअप बांधावा लागतो. त्या गाठोड्याला नाव काय द्यायचं, त्यात काय भरायचं, काय वगळायचं, हे सगळं माझ्यात लिहिलेलं असतं. लिहिलं तेच होतं. मनातलं ओळखायला मी काही कुणाची आई नाही.

माझा जन्म शहाद्याचा. महजबीनने मला लिहिलं, तिच्या अब्बांसाठी. अब्बा म्हणजे सलाउद्दीन, घोड्यांची खोगिरं शिवणारे. सारंगखेड्याच्या जत्रेत यांचं दुकान कुणाला शोधावं लागत नसे. "ये रे भो, पाही तं ले! घोडा तुन्हा, शान मन्ही!" अशी आरोळी कानावर पडली की माणूस आपसूक तिकडे वळायचा. आणि मेलं नेमकं त्याच गळ्यात कॅन्सर निघावा? डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

महजबीन आधी रडली, मग कामाला लागली. ऑपरेशनच्या आधी अब्बांचा आवाज लॅपटॉपवर भरून ठेवायचा, आणि बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य वाजेल असं सॉफ्टवेअर करायचं, असं तिने ठरवलं.

"अब्बा, म्हणा, पाणी दे."

"पानी ऱ्हाऊ दे, चहा भर पहिले!"

"हां हां, मरते दम तक चाय!" स्वयंपाकघरातून नजमुन्निसा, त्यांची बायको, ओरडली. मग जीभ चावली आणि चहाचं आधण ठेवलं.

आवाजांचं फोल्डर फुगत चाललं. त्यामुळे चाचणीचा सेटअप बांधायला दरवेळी फार वेळ जाऊ लागला. म्हणून महजबीनने माझ्यात एक ओळ घातली: आवाजांचं फोल्डर वगळ. तात्पुरती हं! शेवटचा सेटअप बांधताना ती काढायची होती.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, ऑपरेशन अलीकडे घेतलंय. घरात एकच धांदल उडाली. त्या धांदलीत शेवटचा सेटअप बांधला गेला आणि ती ओळ तशीच राहिली. महजबीनने तो आपल्याच लॅपटॉपवर टाकून बघितला. अब्बा बोलले! बोलणारच की. सॉफ्टवेअर आवाज उचलत होतं ते त्याच लॅपटॉपवरच्या मूळ फोल्डरमधून. गाठोड्यात आवाज नव्हताच. पण माझं ऐकतो कोण!

"बाजी, हाच लॅपटॉप अब्बांना देऊ," तौहिद, तिचा भाऊ, म्हणाला. "फार रखडतोय, फॉरमॅट मारून देतो. सगळं पेनड्राईव्हवर घेतलंस ना?"

"सेटअप घेतला, कोडही घेतला."

"आणि आवाज?"

"ते सेटअपमध्येच आहेत ना!"

कोडाबरोबर मी पेनड्राईव्हवर गेले, म्हणून वाचले. मागे सगळं पुसलं गेलं.

ऑपरेशननंतर अब्बा घरी आले, गळ्याला भोक घेऊन. लॅपटॉप मांडीवर ठेवला. बटण दाबलं. 'फाईल सापडली नाही.' पुन्हा दाबलं, जरा जोरात. मग महजबीनकडे असे बघायला लागले, जणू यांच्याच हातून काही मोडलं.

पुसलेले आवाज परत काढून घ्यायला तिने नंदुरबार पालथं घातलं, सुरतेपर्यंत गेली. सगळ्यांचं उत्तर एकच, आता निघायचं नाही. एक दिवस तिने मला उघडलं आणि ती ओळ काढून टाकली. आता मी म्हणते, आवाज भर. पण भरू काय, डोंबल? फोल्डर रिकामं. सेटअप चटकन बांधून झाला आणि महजबीन अब्बांच्या गुडघ्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. सगळं सांगून टाकलं.

अब्बांनी पाटी घेतली. लिहिलं, "रडू नको बेटी. परत भरी लेऊत."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. तरी लॅपटॉप जवळ ओढला, ताठ बसले आणि जत्रेत उभे राहिल्यासारखे तोंड उघडून ओठ हलवू लागले. भोकातून नुसती हवा येत होती. नजमुन्निसाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. महजबीनने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. अब्बा थांबेपर्यंत ती ऐकत राहिली, मग ते तिने रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवलं.

आज माझ्या गाठोड्यात तेवढंच आहे. बटण दाबलं की कुणाला तरी धाप लागल्यासारखं वाटतं. पाहुणे विचारतात, हे बिघडलंय का? अब्बा पुन्हा बटण दाबतात.

आता मला मागायला काही उरलं नाही. एकच सांगते. उद्या कुणाला हे गाठोडं हलकं करावंसं वाटलं, तर नाव काढा, चिन्ह काढा, मलाही पुसा. पण माझ्यात पुन्हा ती ओळ लिहू नका हो. तिथे एक माणूस बोलतोय.